उंच पाळण्यातली गप्प पोर

त्या सकाळी आवडीनं एकही प्रश्न विचारला नाही. काहीतरी बिनसलं आहे हे सगुणाला तिथंच कळायला हवं होतं.

ही गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा राज्य कुणाचं होतं, गावाचं नाव काय होतं, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. पण गावाला नदी होती, नदीकाठी देवीचं देऊळ होतं, आणि देवळापुढच्या माळावर वर्षातून एकदा जत्रा भरत असे, एवढं मात्र सगळे सांगतात.

आवडी पाच वर्षांची होती. डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तिचं तोंड चालू असे. मुंगीला तहान लागली तर ती कुठं जाते, भाकरी फुगते तेव्हा आत बसून कोण फुंकतं, नदी झोपते कधी. घरातली माणसं उत्तरं देऊन दमून जात. दमत नसे ती एकटी सगुणा, आवडीची आत्या.

सगुणा तरुण होती, हुशार होती. देवळातल्या पुराणिकबुवांकडे बसून लिहायला-वाचायला शिकली होती. पण तिचं काळीज फार हलकं. मागून कुणी हाक मारली की दचकायची, भांडं पडलं की हात छातीशी जायचा. पाणवठ्यावरच्या बायका मुद्दाम तिच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवत आणि घागरी सांडेपर्यंत हसत. हिच्या लग्नात वाजंत्री लावायची नाही, नाहीतर नवरी मांडवातून पळेल, असं त्या म्हणत. सगुणाही त्यांच्याबरोबर हसे. मग घरी येऊन उगाचच दोनदा कडी तपासून बघे.

जत्रेच्या दिवशी आवडीची आई घरीच होती. तिला दहा दिवसांचं बाळ होतं. आवडीचा बाप राजाच्या चाकरीत दूर गडावर होता. म्हणून आईनं सगुणाला जवळ बोलावलं. "वन्सं, आज तिचा पाळणा आहे," ती म्हणाली. "मला येता येत नाही. तेवढी तिच्यावर नजर ठेवा."

सगुणानं मान हलवली. 

आता हा पाळणा काय, ते सांगायला हवं.

देवळापुढच्या माळावर लाकडाचा एक प्रचंड पाळणा उभा असे. दोन जाड खांब, मध्ये आडवा कणा, आणि कण्याभोवती फिरणाऱ्या चार बाहूंना टांगलेले चार झुले. वरचा झुला देवळाच्या शिखराला टेकतो की काय असं वाटे. चार गडी खांबांजवळ उभे राहून हातांनी तो फिरवत. तो बांधला होता मल्हारबा सुतारानं, आणि जत्रेत त्यावर हुकूमही त्याचाच चाले.

गावाची रीत अशी होती. ज्या वर्षी मुलाला पाच वर्षं पूर्ण होत, त्या वर्षी मामानं त्याला उचलून झुल्यात एकटं बसवायचं. पाळण्याचे पाच फेरे व्हायचे. जे मूल रडणार नाही, त्याच्या गळ्यात साखरेच्या गाठींची माळ पडायची आणि ढोलवाला त्याचं नाव साऱ्या माळाला ओरडून सांगायचा. जे मूल रडेल, त्यालाही नाव मिळायचं, पण वेगळं. गेल्या वर्षी रडलेल्या एका मुलाला गाव अजून पिपाणी म्हणत होतं. त्याची आईसुद्धा चुकून कधीतरी त्याला त्याच नावानं जेवायला बोलावी.

त्यामुळे आवडीचा मामा, केरबा, पंधरा दिवस आधीपासून तिला तयार करत होता. तो वाईट माणूस नव्हता. भाचीवर त्याचा जीव होता, आणि म्हणूनच तिला कुणी हसू नये असं त्याला वाटे. तो तिला अंगणातल्या झोक्यावर बसवून उंच झोके देई. ती ओरडली की झोका थांबवून सांगे, ओठ मिटायचे, दात दाबायचे, आवाज बाहेर येऊ द्यायचा नाही. आवडी शहाणी होती. आठ दिवसांत ती शिकली. झोका कितीही उंच गेला तरी तिच्या तोंडून चकार शब्द निघेना.

"बघा," केरबा सगळ्यांना सांगत सुटला, "भीती गेली पोरीची."

सगुणा ते बघत होती. झोका थांबल्यावर आवडीच्या मुठी लगेच सुटत नसत, हेही तिनं पाहिलं होतं. पण आपण भित्र्या, आपल्याला सगळीकडे भीतीच दिसते, असं म्हणून ती गप्प राहिली.

आणि मग जत्रेची सकाळ उजाडली.

वाटेत बत्ताशांच्या पाट्या होत्या, बांगड्यांची दुकानं होती, एक माणूस तर माकडाला पागोटं घालून हिंडवत होता. एरवी आवडीनं त्या माकडावरच वीस प्रश्न विचारले असते. आज तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सगुणाच्या हातात तिचा हात होता, तो गार होता, आणि घामानं पुन्हा पुन्हा निसटत होता. सगुणानं विचारलं, काय गं, काय होतंय? आवडीनं ओठ आणखी घट्ट मिटले.

माळावर पोचल्यावर सगुणानं धीर करून केरबाला बाजूला घेतलं. पोरगी आज ठीक दिसत नाही, पुढच्या वर्षी बसवली तर चालणार नाही का, असं तिनं विचारलं. केरबा हसला. पोरगी छान शांत आहे, थरथरतेय ती तूच, असं तो म्हणाला. आजूबाजूचे लोकही हसले. कुणीतरी म्हणालं की आधी सगुणालाच पाळण्यात बसवा, म्हणजे ढोल वाजवायची गरज पडणार नाही.

सगुणा ओशाळली. मागे सरकून उभी राहिली.

केरबानं आवडीला झुल्यात बसवलं. झुल्याच्या तोंडाशी आडवी दोरी होती. ती ओढून त्यानं दोरीला सुरगाठ मारली, उतरवताना चटकन सुटावी म्हणून. मग भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाजूला झाला. बाकीच्या तीन झुल्यांत मोठी माणसं बसली. एकात तर नवराबायको होते आणि ते आत्तापासूनच खिदळत होते.

ढोल वाजू लागला. त्याच्या ठोक्यावर गड्यांनी हात लावला, आणि पाळणा फिरला.

इथं आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. पाळण्यावर बसलेली माणसं ओरडतात. थांबवा, उतरवा, मेले मेले, असं ओरडतात, आणि उतरल्यावर पुन्हा बसायला मिळेल का म्हणून विचारतात. त्यामुळे मल्हारबानं आपल्या गड्यांना फार पूर्वी शिकवून ठेवलं होतं, की माणसांकडे कान द्यायचा नाही. ढोल वाजतो तोवर फिरवायचं. ढोल थांबला की थांबायचं.

नियम सोपा होता आणि वर्षानुवर्षं चालत आला होता. ओरडणाऱ्याला मजा येते आहे, असं समजायचं. गप्प बसणारं मूल धीट आहे, असं समजायचं. मग ज्याला खरोखर भीती वाटते त्यानं काय करायचं, हा प्रश्न त्या गावात कुणाला पडला नव्हता.

पहिल्या फेऱ्यात आवडी ताठ बसलेली दिसली. केरबानं खालून हात हलवला. तिनं हलवला नाही.

दुसऱ्या फेऱ्यात झुला वर गेला तेव्हा फक्त तिचं डोकं दिसलं. ती खाली सरकली होती. लोक म्हणाले, बघा कशी आरामात टेकून बसली आहे.

 पाळण्याच्या वर जाण्याबरोबर सगुणाची मान वर जायची, खाली येण्याबरोबर खाली. झुला समोरून गेला, त्या एका क्षणात तिला आवडीचा चेहरा दिसला. डोळे उघडे होते, पण ते कशाकडेच बघत नव्हते. असे डोळे सगुणानं कुठं पाहिले होते? पाण्याच्या घागरीत. आपलेच.

तिसऱ्या फेऱ्यात तिला आवडीचे हात दिसले. ते दोरीवर होते. ती दोरी धरून बसलेली नव्हती. तिची बोटं गाठीशी चालली होती.

पोरीला उतरायचं होतं. ओरडायचं नाही, रडायचं नाही, एवढं तिला शिकवलं होतं. मग गाठ सोडून गुपचूप निघून जावं, एवढंच तिच्या इवल्याशा डोक्यात उरलं होतं. आपण जमिनीपासून किती वर आहोत याचा हिशेब पाच वर्षांच्या मुलीला भीतीत कुठून सुचणार?

सगुणा ओरडली. थांबवा, पाळणा थांबवा. गड्यांनी ऐकलं आणि ते हसले. खाली उभी राहून घाबरणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. ती मल्हारबाकडे धावली, त्याच्या बाहीला धरून सांगू लागली, पण ढोलाच्या आवाजात त्याला तिचे ओठ हललेले तेवढे दिसले. ती केरबाकडे वळली. तो म्हणाला, तुझी भीती पोरीला लावू नकोस, दोनच फेरे राहिलेत.

वरून दोरीचं एक टोक सुटून खाली लोंबलं.

मग सगुणानं जे केलं, ते तिनं ठरवून केलं नाही. ती ढोलवाल्याकडे गेली. तोच ढोल, ज्याच्या पहिल्या ठोक्याला ती दरवर्षी कानांवर हात ठेवून देवळामागे पळून जाई. तिनं आपले दोन्ही पंजे त्याच्या कातड्यावर दाबून ठेवले. ढोलाच्या टिपराचा फटका तिच्या बोटांवर बसला. आवाज बंद पडला.

ढोल थांबला, तसे सवयीनं गड्यांचे हात थांबले. पाळणा कुरकुरला आणि उभा राहिला.

आवडीचा झुला सगळ्यात वर होता.

"देवीचे फेरे अर्धे मोडलेस," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. दुसऱ्यानं तिला वेडी म्हटलं.  सगुणानं ठसठसणारी बोटं नुसती वर केली, आणि सगळ्यांनी वर पाहिलं.

झुल्याचं तोंड उघडं होतं. दोरी एका बाजूनं लोंबत होती. उघड्या कडेवर आवडीचं एक पाऊल दिसत होतं, पैंजणासकट.

केरबाचा चेहरा पांढरा पडला. आता तोच सगळ्यांत मोठ्यानं ओरडू लागला. हलू नकोस, मागे सर, घाबरू नकोस, मामा आहे ना. दुसरं कुणी म्हणालं, खाली बघू नकोस. तिसरं म्हणालं, दोरी बांध. चौथी बाई रडायलाच लागली. शंभर तोंडं एकदम वर झाली, आणि प्रत्येक ओरड्याबरोबर ते पाऊल थोडं थोडं पुढे सरकू लागलं. पोरीला वाटलं असेल, सगळे आपल्यालाच रागावत आहेत.

मल्हारबा म्हातारा होता, पण लाकूड त्याला कळत होतं. त्यानं गड्यांना बाहू घट्ट धरून ठेवायला सांगितलं आणि सगुणाजवळ आला. माणूस चढवला तर वजनानं पाळणा कलेल, असं तो हलक्या आवाजात म्हणाला. फिरवून खाली आणायचा तर पहिल्याच हिसक्याला पोर बाहेर पडेल. ती आत सरकून झुल्यातली मधली दांडी धरून बसली, तर मी तिला फुलासारखी खाली आणीन. पण ती धरून बसली आहे हे मला खालून दिसत नाही. ते तिनंच सांगायला हवं.

"तिला बोलतं कर, पोरी," तो म्हणाला. "बाकीचं मी बघतो."

सगुणा गर्दीकडे वळली. तिनं सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. आणि आश्चर्य असं, की गाव गप्प बसलं. माकडवाल्यानं माकड कडेवर घेतलं. बाजूच्या झुल्यातलं खिदळणारं जोडपं एकमेकांचे हात धरून निमूट बसलं. ढोलवाल्यानं ढोल उताणा करून ठेवला, चुकूनही वाजू नये म्हणून.

"आवडे," सगुणानं हाक मारली.

 वाऱ्यानं लोंबती दोरी हलली तेवढीच.

पाळण्याच्या एका खांबाला, कण्यापर्यंत चढून तेल घालता यावं म्हणून, लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. खांब जमिनीत पक्का रोवलेला होता. त्याच्यावर चढलं तर पाळणा हलत नसे. सगुणानं पदर खोचला आणि पहिल्या खुंटीवर पाय ठेवला. चौथ्या खुंटीवर तिनं खांब दोन्ही हातांनी कवटाळला. सहाव्यावर तिनं डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनी सातवी सापडेना म्हणून पुन्हा उघडले. खाली केरबा दोन्ही हात पसरून उभा होता. हसत मात्र कुणीच नव्हतं.

कण्यापाशी पोचल्यावर तिनं खांबाला मिठी मारली आणि वर पाहिलं. आता झुला तिच्यापासून एवढाच लांब होता, की हात पोचला नसता, पण हळू बोललेलं पोचलं असतं.

"आवडे, मी आत्या. मी वर आले आहे. मला खूप भीती वाटते आहे गं. माझे पाय बघ कसे उडतायत."

पाऊल पुढे सरकायचं थांबलं.

"तुला कुणी रागावणार नाही. रड, ओरड, काहीही कर. पाळणा आता ढोलावर चालणार नाही, तुझ्या शब्दावर चालेल. तू आत सरकून मधली दांडी धरून ओ देईपर्यंत तो एक बोटभरसुद्धा हलणार नाही. मी मल्हारबांना विचारलं आहे."

तिनं विचारलं नव्हतं. पण खालून मल्हारबानं ते ऐकलं, आणि काही न बोलता आपला म्हातारा खांदा बाहूखाली लावला. गड्यांनी बाहू आणखी घट्ट धरले. त्यांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायलाही कुणी हात सोडला नाही.

सगुणानं दुसऱ्यांदा हाक मारली. मग थांबली.

हे थांबणं सगळ्यांत कठीण होतं. तिला वाटत होतं बोलत राहावं, काहीही बोलावं, गाणं म्हणावं, माळेचं आमिष दाखवावं. पण तिला ठाऊक होतं, की घाबरलेल्या माणसाच्या कानात आधीच पुष्कळ आवाज असतो. म्हणून ती ओठ चावून खांबाला धरून राहिली. तिच्या सुजलेल्या बोटांतून कळा निघत होत्या. खाली कुणाचं तरी तान्हं मूल किरकिरलं आणि त्याच्या आईनं त्याला झटकन पदराखाली घेतलं. देवळाच्या सावलीनं माळावर एक हात जागा बदलली, तरी कुणी हललं नाही.

त्या जत्रेत पुढच्या वर्षीपासून रीत बदलली, ती याच थांबण्यामुळे. माळ आता रडलेल्यालाही मिळते, न रडलेल्यालाही. गड्यांपैकी एकजण प्रत्येक झुल्याशी जाऊन मुलाला नावानं हाक मारतो. मुलाची ओ आली तरच हात लावायचा. ओ आली नाही तर मामानं त्याला उतरवून घ्यायचं आणि बत्तासे घेऊन द्यायचे. त्यावरून कुणी कुणाला नावं ठेवत नाही. पण हे सगळं पुढचं झालं. त्या क्षणी, त्या माळावर, पुढचं काही कुणाला ठाऊक नव्हतं. एक उघडा झुला होता, त्याच्या कडेवर एक लहान पाऊल होतं, आणि खांबाला बिलगलेली एक घाबरट मुलगी होती.

तिनं तिसऱ्यांदा हाक मारली. ही हाक आधीच्या दोन्हींपेक्षा हळू होती.

"आवडे."

कडेवरचं पाऊल आत गेलं. झुला किंचित कुरकुरला. मधल्या दांडीवर एक हात आला, मग दुसरा.

"ओ, आत्या," वरून रडका, मोठ्ठा आवाज आला. "मी धरलंय. मला पण लई भ्या वाटतंय."

बोध: घाबरलेल्या लेकराला भिऊ नकोस म्हणण्याआधी, भीती वाटते असं त्याला मोकळेपणानं म्हणता येईल इतकं त्याच्या जवळ जावं.